नटबोल्टवरचं मॅचिंग सेंटर

दुकान उघडायला निघालेल्या माणसावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. तो लबाड असतो असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्या मनात काय आहे ते त्यालाच धड ठाऊक नसतं, आणि जेवढं ठाऊक असतं तेवढंही तो मिस्त्रीला सांगत नाही. "साधं एक काउंटर पाहिजे" म्हणून बोलावतो आणि अर्धं काम झाल्यावर कळतं की काउंटर गिऱ्हाइकासाठी नाहीच, धाकट्या भावाची मागच्या खोलीत जायची वाट अडवायला आहे. माझी बायको म्हणते, तुम्हाले देवळातली घंटाबी कोनी मुद्दाम ढिली बांधली असं वाटते. वाटतं खरं. एकदा तशी निघालीही होती, पण तो विषय वेगळा.

मी वडशाचा, जातीनं ढिवर. बापाचं आयुष्य तलावात जाळं टाकण्यात गेलं. मी लाकडाकडे वळलो तो नाटकामुळे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो आणि वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात. आज या गावच्या वावरात प्रयोग, उद्या त्या गावच्या. स्टेज आमचा आम्हीच न्यायचा. दुपारी ट्रकमधून उतरवला की दिवस मावळेपर्यंत राजाचा महाल उभा पाहिजे, आणि प्रयोग संपला की तोच महाल मोडून पुन्हा ट्रकमध्ये. म्हणून आमच्या सामानात खिळा चालत नाही. खिळा काढताना लाकूड फाटतं, आणि रोज फाटलेलं लाकूड हंगामभर टिकत नाही. सगळं नटबोल्टवर, बिजागरीवर, नाहीतर खाचेत बसणारं. होळीनंतर कंपनी बसली की मी पोटासाठी दुकानांचं फर्निचर करायचो. आता गुडघ्यांनी दोन्ही कामं सोडवली, म्हणून लिहायला सवड आहे.

ज्यांना या कामातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुकानाचं फर्निचर दोन तऱ्हेचं असतं. एक फिक्स. भिंतीला भोकं पाडायची, त्यात गुट्ट्या बसवायच्या, स्क्रूनं चौकट आवळायची आणि तिच्यावर फळ्या. यात भिंतच रॅकची पाठ होते, प्लाय वाचतो, काम चटकन उरकतं. दुसरं खुलं, म्हणजे स्वतःच्या पायावर उभं. त्याला पाठ लावावी लागते, पाय मजबूत लागतात, वजन वाढतं. भाड्याच्या खोलीत शंभरातले नव्व्याण्णव लोक फिक्सच करून घेतात, कारण ते दिसायला नीट दिसतं. आणि तिथेच फसतात. खोली सोडायची वेळ आली की ते फर्निचर निघत नाही. ओढलं तर प्लाय तुटतो, वरचा सनमायका तडकतो, भिंतीचे खपले निघतात आणि मालक भरपाई मागतो. आमच्या बाजारात रीतच पडून गेली आहे की भिंतीला लागलं ते भिंतीचं.

ही रीत काही मालक लोकांना फार आवडते. पडकी खोली असते, छत गळतं, उंदीर नांदतात. ती दुरुस्त करायला त्यांना जिवावर येतं. मग एखादा होतकरू भाडेकरू शोधतात. "तू घे, तुझ्या मनासारखी कर, आपण काय परके आहोत?" भाडेकरू छत घालतो, फरशी बसवतो, फर्निचर करतो, गिऱ्हाईक लावतो. मग मालकाला आठवतं की आपला पुतण्या रिकामा आहे. मी स्वतः केलेली अशी किती कामं नंतर पुतण्यांच्या ताब्यात पाहिली. माझ्या हातचा काउंटर, आणि मागे बसलेला माणूस भलताच.

संशय घेणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे असं मी उगाच म्हणत नाही. कुरखेड्याकडच्या एका किराणावाल्यानं मला मूठ नसलेलं कपाट करायला सांगितलं होतं, बाहेरून नुसती भिंत वाटावी असं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. मूठ नसलेल्या कपाटात माणूस तूरडाळ ठेवत नाही. मी हत्यारं पिशवीत भरली आणि बसनं परत आलो. दुसऱ्या मिस्त्रीनं ते काम केलं, आणि धाड पडली तेव्हा ते कपाट कसं उघडतं हे त्यालाच ठाण्यात नेऊन विचारलं. गिऱ्हाईकही आमच्यावर तेवढाच संशय घेतात बरं का. प्लायचा कोपरा नखानं खरवडून बघतात, उरलेले तुकडे मोजतात. आरमोरीचा एक जण तर खुर्ची टाकून दिवसभर माझ्यासमोर बसायचा आणि मी पाणी प्यायला उठलो की तोही उठायचा.

तर अशा माझ्याकडे एका उन्हाळ्यात रेखाबाई आल्या.

नागभीडहून पॅसेंजरनं आल्या होत्या. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं बारीक, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शिंप्याचा टेप. दारातूनच विचारलं, "नाटकाचा स्टेज बांधते ते शालिकभाऊ तुमीच काय?" मला वाटलं गावात प्रयोग ठरवायला आल्या. म्हटलं, हंगाम संपला, दिवाळीनंतर या. त्या म्हणाल्या, नाटक नाही, दुकान करायचं आहे, मॅचिंग सेंटर. साडीवर शोभणारे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, दोरा, एवढंच विकणारं छोटं दुकान. नागभीडच्या मोठ्या कापड दुकानात त्या कितीतरी वर्षं ब्लाउजपीसच्या काउंटरवर उभ्या होत्या. आता ती नोकरी सोडली होती, आणि मालकानं सोडताना बजावलं होतं की परत आलीस तर इथं जागा नाही. गाठीला होतं ते सगळं या दुकानात जाणार होतं. घरी म्हातारी आई, दुसरं कोणी कमावणारं नाही. हे सगळं त्यांनी सांगितलं ते रडत नाही, भाजीचा भाव सांगावा तसं.

माझं डोकं लगेच दुसरीकडे गेलं. नागभीड म्हणजे जंक्शन, तिथं मिस्त्र्यांचा दुष्काळ आहे काय? मग ही बाई एवढ्या लांब माझ्याकडे का आली? विचारलं तर म्हणाल्या, "तिथले सारे ओळखीचे हायत. ओळखीच्यापाशी गोष्ट राहत नाई." मला वाटलं तिथल्या मिस्त्र्यांशी हिचं काहीतरी बिनसलं असेल. तरी गेलो, कारण उन्हाळ्यात हाताला काम नव्हतं.

खोली बसस्टँडच्या रस्त्यावर होती. पूर्वी धान भरून ठेवायची कोठी. छताचे पत्रे गंजलेले, भिंतींना खालून ओल, कोपऱ्यात घुशीनं बीळ केलेलं. पण जागा मोक्याची. येणारी-जाणारी प्रत्येक बाई समोरून जाणार. मालक बंडूभाऊ शेजारीच राहायचे. गोल चेहरा, पांढरा सदरा, तोंडात साखर. आम्ही पोहोचलो तर स्वतः चहा घेऊन आले. खोलीचा मालक मिस्त्रीला चहा आणून देतो तेव्हा मी चहा पितो आणि मालकाकडे नीट बघतो.

बंडूभाऊंनी कागद केला नव्हता. "कागद परक्याले लागते, बाई तं मले बहिणीसारखी हाय." दिवाळीपर्यंत भाडंही नको म्हणाले. फक्त खोली चांगली करून घ्या. मी रेखाबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, कागद करून घ्या. तर त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "शालिकभाऊ, तीन जागी गेली मी. तीनही जागी मालकानं आडनाव इचारलं. मेश्राम सांगतलं की तेवढ्यात त्यांच्या पुतण्याले रूम लागे. भाऊनं आडनाव नाई इचारलं. मले असा मानूस कुठी भेटन?" बंडूभाऊ लाजल्यासारखे हसले.  चांगुलपणाला एवढं भुलणारी बाई दुकान कसं चालवणार, हीच मला काळजी लागली.

काम सुरू झालं आणि माझा संशय रोज थोडा थोडा वाढत गेला. बंडूभाऊ सकाळ-संध्याकाळ चक्कर मारायचे. भिंतीवरून हात फिरवायचे, जसा बैल विकत घेताना फिरवतात. एक दिवस म्हणाले, खाली पांढऱ्या टाइल्स लावा, स्वच्छ दिसते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मागे नळ काढून एक बेसिन बसवा, हात धुवायला होते. मग एकदा वायरमनला घेऊन आले आणि कोपरा दाखवून म्हणाले, इथं फ्रिजचा पॉइंट काढून ठेव. मी रंधा थांबवला. ब्लाउजपीस काय नासतात? मॅचिंग सेंटरमध्ये फ्रिज कशाला? तर म्हणाले, "उन्हाळ्यात बाईले थंड पानी पाहिजे ना."

पांढऱ्या टाइल्स, बेसिन, फ्रिज. मी चौकातल्या टपरीवर पान खायला गेलो आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता बंडूभाऊंच्या घराची चौकशी केली. धाकटा मुलगा चंद्रपूरला औषधांचं शिकत होता. शेवटचं वर्ष. मग सगळं उघडं पडलं. ही खोली मॅचिंग सेंटरसाठी होतच नव्हती, मेडिकलसाठी होत होती. पोरगा पास होऊन लायसन मिळेपर्यंत खोली रेखाबाईंच्या पैशानं सजणार, आणि मग "बहिणीला" नमस्कार.

मला फार राग आला. बंडूभाऊंचा आला त्यापेक्षा रेखाबाईंचा जास्त आला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या दोऱ्याच्या रिळांचे डबे रंगाप्रमाणे लावत होत्या. ऐकून घेतलं, मान वर न करता म्हणाल्या, "तुमाले जसं बरं वाटते तसं करा, भाऊ." बस, एवढंच. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग मी माझ्या डोक्यानं चाललो. रॅक स्टेजच्या फ्लॅटसारखे, म्हणजे देखाव्याच्या सुट्या उभ्या चौकटींसारखे केले, प्रत्येकाला स्वतःची पाठ, स्वतःचे पाय, आणि भिंतीपासून बोटभर लांब. ती फट दिसू नये म्हणून कडेनं सागाची पट्टी लावली. बोल्टांची डोकी पट्टीखाली लपवली. काउंटर तीन तुकड्यांत, वरची काच नुसती खाचेत बसवलेली. बघणाऱ्याला वाटावं की सगळं भिंतीतूनच उगवलं आहे. आयुष्यभर गावोगाव खोटे महाल खरे वाटतील असे उभे केले, इथं एक खरं दुकान पक्कं वाटेल असं करायचं होतं. छतासाठी बंडूभाऊ प्लास्टरचं सीलिंग मागत होते. रेखाबाई म्हणाल्या, कापडाचं दुकान आहे, छतालाही कापडच शोभेल. मी पडद्याच्या चौकटी करून दिल्या आणि त्यांनी मोतिया रंगाचं अस्तर चुण्या घालून वर ताणलं. इतकं सुरेख दिसलं की मी वर बघत उभा राहिलो. टाइल्सचं बंडूभाऊंनी काढलं की बाई गोड हसून म्हणायच्या, पुढच्या वर्षी, भाऊ. बेसिनही पुढच्या वर्षी. जमिनीवर त्यांनी प्लास्टिकची चटई अंथरली. मला वाटलं हात आखडता घेतात.

एकदाच मी पकडला जायची वेळ आली. बंडूभाऊंनी रॅक खडखडवून पाहिला आणि विचारलं, "हे भिंतीत किती आत गेलं जी?" मी म्हटलं, "भाऊ, उद्या तुमची भिंत पडली तरी हे उभं राहीन." यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते खूश होऊन गेले.

पौर्णिमेला उद्‌घाटन झालं. बाहेर बारीक पाऊस, आत बुद्धवंदना, मग पेढे. रेखाबाईंची आई नवं पांढरं लुगडं नेसून काउंटरमागे बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, दुकान आमचं आहे. रिबीन बंडूभाऊंच्या हातून कापवली. त्यांनी दोन शब्द बोलताना डोळे पुसले. मला त्यांच्या रडण्याचाही संशय आला, पण आज वाटतं ते खरं असावं. माणूस एकाच वेळी गहिवरतो आणि खोलीही मापतो, यात काही अवघड नाही.

दुकान चाललं. बाया साडी न आणता नुसता रंग सांगायच्या आणि रेखाबाई बरोबर पीस काढून द्यायच्या. शेजारच्या गावाहून आलेल्या एखादीला रिकाम्या हाती परत पाठवलं असं कधी झालं नाही. दिवाळीनंतर मी कंपनीबरोबर निघालो. संक्रांत होऊन गेल्यावर त्यांचा फोन आला. आवाज तसाच, भाजीचा भाव सांगितल्यासारखा. बंडूभाऊंनी खोली मागितली होती. मुलाचं लायसन आलं होतं. वर म्हणाले होते की फर्निचर काढायच्या फंदात पडू नका, भिंत फुटेल. राहू द्या, त्याचं काय ते बघू. "भाऊ, तुमची गाडी अन् मानसं घेऊन या," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

दोन गावांच्या मध्ये एक दिवस मोकळा होता. स्टेजची माझी माणसं आणि छोटा ट्रक घेऊन मी सकाळीच नागभीडला पोहोचलो. ज्यांनी आयुष्यभर झोप मोडून महाल मोडले, त्यांना मॅचिंग सेंटर म्हणजे काय? पट्ट्या निघाल्या, पान्हे फिरले, रॅक एकेक करून बाहेर आले. कापडी छताची घडी झाली. समोरचे दुकानदार पायऱ्यांवर येऊन बघायला लागले, तेवढ्यात बंडूभाऊ आले. बरोबर मुलगा आणि काचेची मापं घ्यायला आणलेला माणूस. ते दारातच थांबले. आत तीच कोठी होती. पत्रे तेवढे नवे, बाकी भिंतीची ओल, उघडी जमीन, आणि भिंतीवर एकही भोक नाही. त्यांनी जवळ जाऊन भिंतीवर तळहात फिरवला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. असा आनंद मला टाळ्यांनीही कधी झाला नव्हता.

मला वाटलं ते भांडतील. ते भांडले नाहीत, दुखावले. अगदी मनापासून. म्हणाले, "बाई, पयल्या दिवसापासून तुमी माह्यावर संशय घेतला? मी तुमाले आडनावसुद्धा नाई इचारलं."

रेखाबाई दोऱ्यांचा शेवटचा डबा उचलत होत्या. तो त्यांनी खाली ठेवला.

"तेच तं, भाऊ," त्या म्हणाल्या. "ज्याले ठेवाचं असते त्याले मानूस सारं इचारते. कुठची, कोनाची, काय खाते, कवा झोपते. तुमी काईच नाई इचारलं. मी तवाच समजली का मी इथी रायला नाई आली."

  मी पान्हा हातात घेऊन तसाच उभा होतो, आणि माझ्या लक्षात येत होतं की या खोलीत सर्वात जास्त संशयी माणूस मी नव्हतोच.

ट्रकमध्ये त्या पुढे माझ्याशेजारी बसल्या. रेल्वे फाटक लागलेलं होतं, मालगाडी संपता संपत नव्हती. मी विचारलं, सगळं ठाऊक होतं तर खोली घेतली कशाला? त्या म्हणाल्या, "बिना दुकानाची मी कोन होती, भाऊ? एक बाई, अन् तिचं आडनाव. कोनी रूम देत नव्हतं. आता नागभीडातल्या बाया मले मॅचिंगवाली म्हणते. चालत्या दुकानाले रूम भेटते. चालून दाखवाले एक जागा पाहिजे व्हती, ते बंडूभाऊनं देल्ली." मग मला का बोलावलं? तर त्यांच्या गावी आमचा प्रयोग झाला होता. सकाळी त्या वावरात गेल्या तर जिथं राजाचा महाल होता तिथं काहीच नव्हतं, एक खिळाही पडलेला नव्हता. ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. एवढं सांगून त्यांनी तोंड खिडकीकडे केलं आणि पदर डोळ्यांना लावला. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मी ड्रायव्हरला म्हटलं हळू चालव, काच आहे.

नवी जागा त्यांनी आधीच बघून ठेवली होती. भागरताबाईंच्या घराची रस्त्याकडची ओसरी. ही म्हातारी आमच्यातलीच, ढिवरीण, बाजारात मासोळी विकायची. सुनेसाठी ब्लाउजपीस घ्यायला म्हणून मॅचिंग सेंटरमध्ये गेली आणि पीस बाजूला ठेवून रेखाबाईंची उलटतपासणी घेतली. गाव कोणतं, बाप कोण, जात कोणती, लग्न का नाही केलं, आईला दमा कधीपासून. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, ओसरी रिकामी आहे, भाडं दर महिन्याच्या पहिल्या बाजाराला द्यायचं, बोंबील आणलेले चालणार नाहीत, पैसेच पाहिजेत. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा मलाही सोडलं नाही. माझ्या आईच्या माहेरपर्यंत पोहोचली आणि मी तिचा लांबचा भाचा निघालो.

दिवस मावळायच्या आत दुकान उभं राहिलं. मी विचारलं, आता भिंतीला आवळून टाकू? ओसरीची जमीन सारवलेली, उंचसखल. रॅक डुगडुगत होते. रेखाबाई भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नको. राहू द्या असंच."

तेव्हा मला ते पटलं. मीही चौकशी केली होती. भागरताबाईला पुतणे होतेच, तेही धडधाकट आणि बिनकामाचे. पण पुतणे आले नाहीत. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, आणखी गेले. मी दर उन्हाळ्यात नागभीडला जाऊन ढिले झालेले बोल्ट आवळून द्यायचो आणि रॅकच्या पायांखाली लाकडाच्या नव्या चिपा सरकवायचो. दुकान वाढलं होतं, गिऱ्हाईक दाराबाहेर उभं राहायचं. पण भिंत कोरी. रंगांचा तक्ता काउंटरला टेकवलेला, आरसा स्टुलावर, घड्याळ डब्यावर आडवं. दरवेळी मी विचारायचो, दरवेळी त्या म्हणायच्या, राहू द्या. बंडूभाऊंना रेखाबाईंचं काही नुकसान करता आलं नाही असं बाजारातले लोक हसून सांगायचे. मला हसू यायचं नाही. एवढी हुशार बाई, आणि स्वतःच्या दुकानात पाहुण्यासारखी राहत होती.

मागच्या उन्हाळ्यात मी खाली बसून चिपा सरकवत होतो. भागरताबाई बाजारातून आली, टोपली उतरवली आणि मला विचारलं, "काऊन रे शालिक, हे दरसाली काय करून राह्यला? भिंतीले आवळत काऊन नाई?" मी चाचरलो. म्हटलं, बाईंना तसंच बरं वाटतं. म्हातारीनं एकदा रॅककडे पाहिलं, एकदा स्टुलावरच्या आरशाकडे, आणि मग रेखाबाईंकडे. तिला समजायला वेळ लागला नाही.  आत गेली. परत आली तेव्हा एका हातात मसाला कुटायचा बत्ता होता आणि दुसऱ्या हातात हा एवढा मोठा खिळा.

गिऱ्हाइकांना बाजूला सारून ती भिंतीशी गेली आणि ठोकायला लागली. पहिल्या दणक्याला मातीचा पोपडा पडला, दुसरा दणका तिच्याच अंगठ्यावर बसला. मी उठायला लागलो तर डोळे वटारले. खिळा वाकडा गेला, पण गेला. हात झटकत ती रेखाबाईंना म्हणाली, "माही भिंत हाय, म्या ठोकला. तुले काढाची असती तं म्या भोक पाडलं असतं काय?"

रेखाबाई उभ्याच होत्या. एका गिऱ्हाइकाचा पीस हातात होता, तो कापायचा राहिला. पीस त्यांनी काउंटरवर ठेवला. मग स्टुलावरचा आरसा दोन्ही हातांनी उचलून त्यांनी त्या वाकड्या खिळ्याला लावला आणि हात सोडून पाहिले. आरसा राहिला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "शालिकभाऊ, भोकं पाडाची मशीन वडशालेच असन ना?"

मशीन बाहेर माझ्या पिशवीत होती. दर उन्हाळ्यात मी ती घेऊनच येत होतो.